पद्मिनीचं इंजिन घरी बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून आहे. तीन वर्षांपूर्वी तिचं इंजिन मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरवलं, सोडवलं आणि पुन्हा बांधलं. मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करतो. दोन महिन्यांत उरकेल म्हणून हात घातलेल्या कामाला अकरा महिने लागले, त्यातला एक पावसाळा तर नुसता ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) गोणपाट टाकून बघण्यात गेला. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

इंजिन खोलायची खरंच गरज आहे, हे कसं ओळखायचं?

धूर आला की लोक थेट इंजिनावर घसरतात. आधी धूर नीट बघा. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये सोडलेली असते, खाली येऊन ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा लोट येतो आणि विरतो. तसं असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) झिजलेल्या असतात, आणि ते काम हेड (इंजिनाचं वरचं झाकण) काढून भागतं. चढावर दम लावताना निळा धूर सतत येत असेल तर संशय रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी, म्हणजे हेड गॅस्केट, हेड आणि ब्लॉकमधली पट्टी. काळा धूर असेल तर कार्ब्युरेटरकडे बघा, इंजिनाला हात लावू नका.

मग कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं) मिळवा. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी आणलं तरी चालतं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. पद्मिनीचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, साधारण ७.३ ला १. त्यामुळे आजच्या गाड्यांचे आकडे तिच्याकडून मागू नका. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) गेलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

'हाफ इंजिन' करू की 'फुल'?

गॅरेजच्या भाषेत हाफ म्हणजे रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह घासणं. फुल म्हणजे बोअर, नवे पिस्टन, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंड, सगळंच. गाडी घरची असेल, घाई नसेल आणि इंजिन एकदा बाहेर काढलंच असेल, तर माप घेतल्याशिवाय हाफवर समाधान मानू नका. बोअरमध्ये वरच्या बाजूला नखाला लागेल अशी कडा झाली असेल तर तिथे नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. माप चांगलं निघालं, तर हाफ करा आणि खुशाल करा. ठरवायचं मायक्रोमीटरने, मेकॅनिकच्या 'चालेल'ने नाही. हा 'चालेल' शब्द पुढेही बऱ्याचदा भेटणार आहे.

पद्मिनीचं इंजिन पहिल्यांदा करणाऱ्याला झेपेल का?

झेपेल, आणि भारतात मिळणाऱ्या जुन्या गाड्यांत शिकायला याहून सरळ इंजिन क्वचितच सापडेल. मूळ फियाट ११००चं. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक आणि १०८९ सीसी, ही मापं फियाटने १९३७ साली आणली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ११०० डिलाइट निघू लागली, १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं आणि मापं तीच राहिली. हिशेब कागदावर करून बघा: ६.८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले ७.५ गुणिले ४. उत्तर १०८९ येतं. मला हे केल्यावर उगाचच बरं वाटलं होतं.

बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये, पुशरॉड आणि रॉकर वर. क्रँकला तीन मेन बेअरिंग. इलेक्ट्रॉनिक काही नाही. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने हात खाली जातो, आणि आजच्या गाड्या बघितल्या की या गोष्टीची किंमत कळते.

हीच उत्तरं प्रीमियरच्याच ११८ एनई किंवा अँबेसेडरला लागू पडतील का?

पद्धत लागू पडेल, आकडे नाही. ११८ एनईमध्ये निसानचं ११७१ सीसीचं इंजिन आहे, ते वेगळंच प्रकरण. जुन्या अँबेसेडरमध्ये ब्रिटिश बनावटीचं १४८९ सीसीचं इंजिन. हेडही बिडाचं आणि आट्या इंचातल्या, म्हणजे पाने निराळे. पद्मिनी पूर्ण मिलिमीटरमध्ये आहे, हे घरच्या माणसाचं नशीब.

कोणती हत्यारं लागतात?

रिंग पाने आणि गोट्यांचा (सॉकेटचा) चांगला सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर, रिंग कॉम्प्रेसर. मायक्रोमीटर आणि बोअर डायल गेज विकत घ्यायची गरज नाही, पण ती वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून आकडे स्वतःच्या वहीत लिहून घ्यायची गरज आहे. टॉर्क रेंचवर मात्र काटकसर नको. ॲल्युमिनियमच्या हेडवर 'हाताच्या अंदाजाने' आवळणारे उस्ताद असतात, त्यांचा अंदाज खरा असेलही. तुमचा आणि माझा नाही.

इंजिन स्टँड मी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा करून घेतला. नंतर वर्षभर त्यावर घरच्यांनी कुंड्या ठेवल्या.

इंजिन बाहेर काढायचं कसं?

चेन ब्लॉक भाड्याने आणा आणि तो कशाला टांगणार ते आधी ठरवा. पोर्चच्या स्लॅबला झोपाळ्यासाठी ठोकलेली कडी इंजिनासाठी नसते. मी जाड पाइपांची तिपाई उभी केली. बॅटरी काढायची, पाणी आणि ऑइल सोडायचं, रेडिएटर आणि बॉनेट उतरवायचं. बॉनेटच्या बिजागरीभोवती काढण्याआधी मार्करने रेघ मारून ठेवा, नाहीतर परत बसवताना दोन्ही बाजूंच्या फटी जुळवण्यात एक रविवार जातो. पेट्रोलचा पाइप बंद करून त्याचं तोंड बुचाने दाबा. आणि टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही, कितीही छोट्या कामासाठी, हात घालायचा नाही. मदतीला आलेल्या मेहुण्यालाही हे दोनदा सांगा.

सोडवताना पार्ट कसे लक्षात ठेवायचे?

लक्षात राहत नाहीत. फोटो काढा, पिशव्यांवर नावं लिहा, चिठ्ठ्या बांधा. टॅपेट (कॅम आणि पुशरॉडमधले ठोकळे), पुशरॉड, रॉकर हे ज्या जागेवरून निघाले त्याच जागेवर परत जायला हवेत, कारण इतकी वर्षं ते एकमेकांवर घासून एकमेकांचे झालेले असतात. पुशरॉडसाठी थर्माकोलला आठ भोकं पाडली, आकडे लिहिले. टॅपेट आणि व्हॉल्व्ह लॉकसाठी आईचं बारा खळग्यांचं आप्पेपात्र घेतलं. ते परत स्वयंपाकघरात गेलं नाही, जाणारही नव्हतं. नवीन आणून द्यावं लागलं, हे खर्चात धरा.

सगळ्यात जपायच्या त्या बेअरिंगच्या कॅप. मेन बेअरिंगची कॅप ब्लॉकवर बसवूनच तिचं भोक कारखान्यात एका रेषेत कापलेलं असतं, आणि कनेक्टिंग रॉडचीही तीच गत. एकीची कॅप दुसरीला घातली, किंवा तीच कॅप उलटी घातली, तर क्रँक फिरणार नाही. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी फिरतो. काढण्याआधी खुणा शोधा, नसतील तर पंचने ठिपके मारा: एकाला एक, दोनाला दोन, दोन्ही अर्ध्यांवर, एकाच बाजूला.

हेड निघतच नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू का?

नको. ॲल्युमिनियमला चरा पडला की तिथून पाणी किंवा गॅस गळणार. सगळे नट खरोखर निघालेत का ते आधी मोजा. रॉकर काढलेला, नट सुटलेले, तर लाकडी ठोकळा ठेवून बाजूने हळूहळू ठोका. स्टडभोवती गंज धरलेला असतो. तिथे गंज सोडवायचं तेल सोडून दोन रात्री थांबा. माझं हेड तिसऱ्या दिवशी सकाळी आपसूक निघाल्यासारखं निघालं.

हेड उलटं करून पाण्याच्या वाटा बघा. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाड्यांत ॲल्युमिनियमला वाळवी लागल्यासारखे खड्डे पडलेले असतात. खड्डे गॅस्केटच्या कडेपर्यंत गेले असतील तर नुसतं फेसिंग (घासून सपाट) करून भागत नाही, आधी वेल्डिंगने भरून घ्यावं लागतं. पुढच्या खेपेला कूलंट घाला.

ब्लॉक स्वच्छ कशाने करायचा?

याचं उत्तर लांबवतो, कारण घरी करणाऱ्याच्या हातात खऱ्या अर्थाने असलेलं काम हेच आहे आणि इथेच बहुतेक इंजिनं मरतात.

सुरुवातीचा चिकटा, काजळी, वंगणाचे थर डिझेलने काढा. ऑइलच्या वाटांच्या तोंडाशी असलेले प्लग काढून घ्या आणि आतून लांब दांड्याचा ब्रश फिरवा. चाळीस वर्षांचा काळा गाळ तिथे बसलेला असतो. बाहेरून चकाचक आणि आत तसाच, अशी इंजिनं नव्या बेअरिंगचं महिन्याभरात वाटोळं करतात.

ब्लॉक मशीनशॉपमधून बोअर आणि होन (दगडाने बारीक घासून) होऊन आला की पुन्हा धुवायचा, आणि या वेळी डिझेल, पेट्रोल, रॉकेल काहीही नाही. गरम पाणी, धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश. होनिंगच्या दगडाची बारीक पूड बोअरच्या चऱ्यांत रुतून बसते. डिझेलने ती सुटत नाही, नुसती दिसेनाशी होते. साबणाच्या फेसाने ती उचलली जाते. वडिलांचं जुनं पांढरं धोतर फाडून मी बोअरमध्ये फिरवलं. पहिला तुकडा करडा निघाला. तिसरा करडा. सहावा फिका करडा. नवव्या तुकड्याला मला वाटलं झालं, आईने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "अजून मळकंच आहे." अकरावा पांढरा निघाला.

आणि तो पांढरा निघाल्याबरोबर ऑइल लावायचं. चहा पिऊन येतो म्हटलं तर नाही. उघडं बीड दमट हवेत बघता बघता तांबूस होतं.

मशीनशॉपमध्ये काय काय करून घ्यायचं?

घरी इंजिन बांधलं म्हणणाऱ्या कोणीही धातू घरी कापलेला नसतो. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कापणं, गाईड बसवणं, ही कामं लेथ आणि ग्राइंडिंग मशीनवालेच करणार. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे कारागीर आहेत. चांगला कारागीर कसा ओळखायचा? तो मापं तोंडी सांगत नाही, तुमच्यासमोर घेतो.

माझी चूक ऐका. एका बोअरवाल्याकडे ब्लॉक टाकला आणि पिस्टन नंतर आणतो म्हणालो. तो म्हणाला, "साईज कॉमन आहे, कुठेही मिळेल, बोअर करून ठेवतो, चालेल." मी मान डोलावली. त्या मापाचे पिस्टन शोधत मी पुण्याच्या नाना पेठेत फिरलो, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, दोन ठिकाणी पुढच्या मापाचे होते, एका ठिकाणी तीनच होते. शेवटी पुढच्या मापाचे घेतले आणि ब्लॉक पुन्हा बोअर केला. पैसे दुप्पट गेले ते गेलेच, ब्लॉकचं एका बोअरचं आयुष्यही विनाकारण कापलं गेलं. क्रम असा: आधी ब्लॉक मोजा, किती मोठा करावा लागेल ते ठरवा, त्या मापाचे चारही पिस्टन हातात घ्या, मग पिस्टनसकट ब्लॉक द्या. प्रत्येक पिस्टन स्कर्टवर (खालच्या भागावर), गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात मोजून त्याला स्वतःचा बोअर करून मिळाला पाहिजे. एक नंबरचा पिस्टन एक नंबरच्या बोअरला, तसं मार्करने लिहूनही आणा.

बोअर जेवढ्या वेळा करता येतो त्याला मर्यादा आहे. ती संपली की लायनर (आतून नवी नळी) घालून मूळ मापावर येता येतं. ६८चं ६८.६ केलं तर इंजिन १०८९चं साधारण ११०९ सीसी होतं. गाडीला पंख फुटत नाहीत, पण सांगायला मजा येते.

क्रँकचं तसंच. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मोजा, ग्राइंड करायचा असेल तर त्या अंडरसाईजची बेअरिंग बाजारात आहेत का ते आधी विचारा. क्रँकला तडा आहे का हेही तपासून घ्या; तडकलेला क्रँक ग्राइंड करून चमकवला तरी तडकलेलाच.

पार्ट खरे आहेत हे कसं कळणार?

पूर्ण खात्री देता येत नाही. जुना शिल्लक माल आणि नव्याने बनवलेला, दोन्ही मिळतं. जुन्या मालातली धातूची वस्तू बहुधा उत्तम असते आणि रबराची बहुधा बाद, कारण सील आणि डायफ्रॅम खोक्यातच म्हातारे होतात. खोकं बघून भाळू नका, खोकी छापून मिळतात. पिस्टन मी ओळखीच्या सोनाराकडे नेले. त्याने काट्यावर चारही ठेवले आणि विचारलं, "घडणावळ काय लावू?" तिघांत दोन-तीन ग्रॅमचा फरक होता, चौथा अकरा ग्रॅम जड. तो बदलून घेतला.

बेअरिंगमधली फट घरी कशी मोजायची?

प्लास्टिगेज नावाची मेणासारखी बारीक दोरी मिळते. कोरड्या जर्नलवर तुकडा ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा काढायची. दोरी चपटी होते. पाकिटावरच्या पट्टीशी तिची रुंदी ताडून बघितली की फट कळते. या आकाराच्या जर्नलला ती साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत तीन ते सहा असते, पण अंतिम शब्द मॅन्युअलचा. एखादं बेअरिंग फार सैल किंवा फार घट्ट निघालं तर पुढे जाऊ नका. आधी शेलच्या (बेअरिंगच्या अर्ध्या वाटीच्या) पाठीमागे कचरा नाही ना ते बघा. माझ्या दोन नंबरच्या मेनमागे धोतराचा एक धागा होता.

शेल बसवताना त्यातलं ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर येतंय का, हे प्रत्येक शेलला बोट लावून बघा.

रिंगा बसवताना काय जपायचं?

प्रत्येक रिंग आधी तिच्या बोअरमध्ये एकटी सरकवा, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फिलरने मोजा. फार कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांवर आपटून रिंग तुटते. घासायची तर बारीक कानशीने, आणि थोडी थोडी. वरची बाजू कोणती ते रिंगेवर कोरलेलं असतं. पिस्टनवर तोंडं एका ओळीत येऊ देऊ नका, फिरवून ठेवा. मग भरपूर ऑइल, रिंग कॉम्प्रेसर घट्ट, आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके. अडलं की थांबा. रिंग बाहेर निसटून ब्लॉकच्या कडेला टेकलेली असते. तिथे आणखी एक ठोका मारला की काय होतं, ते माझ्या टेबलाच्या खणात दोन तुकड्यांत ठेवलेलं आहे.

रॉडचे बोल्ट जर्नलला चरे पाडू नयेत म्हणून त्यांना पेट्रोल पाइपचे तुकडे टोप्यांसारखे चढवा. प्रत्येक पिस्टन बसवून झाला की क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघा. असं केलं की घट्ट लागलं तर दोष कुठल्या पिस्टनचा हे लगेच कळतं. चारही बसवून मग फिरवलं तर चारही उतरवावे लागतात.

हेड आवळायचा क्रम काय?

मधून बाहेर, गोल गोल, आणि तीन टप्प्यांत. एकदम पूर्ण टॉर्कवर जायचं नाही. आट्या आधी साफ आणि कोरड्या करा. ब्लॉकच्या भोकात ऑइल साठलेलं असलं तर टॉर्क रेंच खोटं सांगतो. इंजिन पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर मॅन्युअल सांगत असेल तर पुन्हा आवळा.

टॅपेट सेट करायची (व्हॉल्व्हची फट जुळवायची) सोपी पद्धत आहे का?

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. एक आणि चार जोडीदार, दोन आणि तीन जोडीदार. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की एक नंबरचे सेट करायचे. तीन नंबरचे हलताना दोनचे. बेरीज पाच यायला हवी, एवढं ध्यानात ठेवा. फिलर ओढताना किंचित अडावा. लोण्यातून सुरी गेल्यासारखा सरसर निघाला तर फट जास्त आहे.

सगळं बरोबर बसवलं, तरी कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात आणि गाडी सुरू होत नाही. का?

डिस्ट्रिब्युटर बहुतेक अर्धा फेरा उलटा बसलाय. एक नंबरचा पिस्टन दर चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर फेकताना. पुलीची खूण दोन्ही वेळेला जुळते. कॉम्प्रेशनची वेळ ओळखायला प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि पुली फिरवा. हवा अंगठ्याला उडवते तो कॉम्प्रेशन. मी हे वाचलेलं होतं, कळलेलंही होतं, आणि तरी उलटाच बसवला. संध्याकाळी साडेसातला पहिला फटाका वाजला तेव्हा शेजारच्या काकूंनी दिवाळी लवकर आली का म्हणून विचारलं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी काय करायचं?

बांधतानाच ऑइल पंपाच्या गिअरमध्ये व्हॅसलीन भरून ठेवा, म्हणजे कोरडा पंप पहिल्या फेऱ्यातच ऑइल ओढतो. सुरू करायच्या दिवशी चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. दिवा विझला नाही तर सुरू करू नका, कितीही पाहुणे बघायला जमलेले असोत. सुरू झाल्यावर नवा कॅम किंवा नवे टॅपेट असतील तर इंजिन लगेच आयडलला आणू नका. वीसेक मिनिटं साधारण २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, वर-खाली करत. कॅमला ऑइल उडून मिळतं, आणि आयडलला ते कमी उडतं. पाण्याच्या तापमानावर एकाने नजर ठेवायची, गळतीवर दुसऱ्याने. शेजारी आग विझवायचा सिलिंडर किंवा निदान वाळूची बादली ठेवा.

कोणतं ऑइल घालू?

२०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० मिनरल. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनाला नको. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, पाचशे किलोमीटरच्या आत, आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या बशीत ओतून उन्हात बघा. थोडी चमचम चालते, कण चालत नाहीत. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याला द्या.

हल्लीच्या पेट्रोलने जुनं इंजिन खराब होतं का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. पद्मिनीच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, कारण ॲल्युमिनियमवर व्हॉल्व्ह थेट बसूच शकत नाही. सीट बदलायच्या असतील तर कडक धातूच्या बसवा आणि ती काळजी सोडा. इथेनॉलचा प्रश्न खरा आहे. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला मऊ करतं, फुगवतं, आणि गाडी उभी राहिली की हवेतला ओलावा धरतं. म्हणून इंजिन बाहेर आहे तोवर पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारा घ्या. महिनाभर गाडी काढणार नसाल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. ऑक्टेनची चिंता करू नका, एवढ्या कमी कॉम्प्रेशनला साधं पेट्रोल पुरून उरतं.

आरटीओचं काही लागतं का?

तोच ब्लॉक, तोच इंजिन नंबर, तर दुरुस्तीसाठी काही कळवावं लागत नाही. ब्लॉक बदललात तर नंबर बदलतो आणि त्याची नोंद आरसीवर करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून ब्लॉक वाचवा. ब्लॉक धुताना किंवा रंगवताना नंबर खरवडला जाणार नाही किंवा रंगाखाली बुजणार नाही, एवढं बघा.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीसाठी २०२१ पासून वेगळी विंटेज नोंदणी आहे, 'व्हीए' मालिकेची. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. म्हणजे पहिल्या पद्मिनींना ही वाट आता खुली झाली आहे. त्यांच्यात भलतंच इंजिन बसवायचा मोह असेल तर आधी हे आठवा. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेल्या. त्यानंतर भंगारात निघालेल्या इंजिनांवर अनेकांचा डोळा होता, माझाही. तिथून पार्ट घ्या, ब्लॉक शक्यतो नको; टॅक्सीचं इंजिन किती वेळा बोअर झालंय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

एकूण खर्च किती?

गाव, मशीनशॉप आणि ब्लॉकची अवस्था यांवर इतका अवलंबून आहे की आकडा सांगितला तर तो तुमच्यासाठी चुकीचाच ठरेल. माझ्या वहीप्रमाणे पार्टपेक्षा मशीनशॉपला जास्त गेले, आणि दोन्हींनंतर तिसरा मोठा आकडा दोनदा घेतलेल्या वस्तूंचा. गॅस्केटचा सेट सुरुवातीलाच दोन घ्या. गॅरेजवाल्याकडून करून घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं का? हो.

रनिंग-इन आजही करायचं का?

हो. पहिले हजारेक किलोमीटर एकाच वेगाने तासन्‌तास नको, आणि नुसतं जपून हळू चालवणंही नको. रिंगा बसायला थोडा भार लागतो. मध्यम चढ, अधूनमधून ॲक्सिलरेटर सोडणं, पुन्हा दाबणं. मी गाडी साताऱ्याहून कास पठाराकडे नेत असे, सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना.

सगळं झालं, गाडी मस्त चालते, पण खाली रोज ऑइलचा थेंब पडतो. पुन्हा खोलू का?

थेंब कुठून येतो ते आधी बघा. ब्लॉक पुसून कोरडा करा, टाल्कम पावडर भुरभुरा, दहा मिनिटं चालवा आणि टॉर्चने पावडरीतली ओली रेघ शोधा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा चेंबरचे (खालच्या ऑइलच्या टाकीचे) सैल बोल्ट असतील तर पाच मिनिटांचं काम. मागच्या बाजूने क्रँकजवळून येत असेल तर खाली पुठ्ठा टाका. माझ्याकडे आता तिसरा पुठ्ठा चालू आहे, मिक्सरच्या खोक्याचा.